उलटे आटे

गणपतीला कोकणात जायचं तर कोणत्या रस्त्याने, यावर महाराष्ट्रात अजून एकमत झालेलं नाही. होऊही नये, नाहीतर चतुर्थीच्या आधीचा आठवडा घरोघरी बोलायचं काय? मुंबई-गोवा महामार्गाचा नंबर १७ होता तो ६६ झाला, पण खड्ड्यांनी आपले जुने पत्ते सोडले नाहीत. म्हणून सातारा-कराडकडचे शहाणे लोक कुंभार्ली घाटाचं नाव घेतात. उंब्रजला हायवे सोडायचा, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक करत घाटमाथा गाठायचा आणि घाट उतरला की शिरगाव, खेर्डी, चिपळूण. पुढे गुहागर, म्हणजे आमच्या मामेसासऱ्यांचं गाव.

मामेसासरे, ज्यांना आम्ही सगळेच मामा म्हणतो, कोयना प्रकल्पावर पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. कोयनेचा इतिहास ते दोन भागांत सांगतात : ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाआधीचा आणि भूकंपानंतरचा. ते स्वतः दुसऱ्या भागात नोकरीला लागले, पण सांगताना पहिल्या भागातही हजर असतात. खात्याची जुनी विलीज जीप त्यांनी बरीच वर्षं चालवली, त्यामुळे चार चाकं असलेल्या कोणत्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असतो. त्यात खाटसुद्धा आली.

तर गाडी मेहुण्याची, चालवणार मेहुणा आणि चालवायची कशी ते मामांना ठाऊक. मागच्या सीटवर मामी, माझी बायको आणि मधल्या उंचवट्यावर मी. साताऱ्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात आणि मान फार देतात. पण गाडीत सीट कमी पडली की त्या मानासकट दाजीला मध्ये बसवतात.

हेळवाक मागे पडलं आणि धुकं सुरू झालं. मामा धरणाच्या दरवाज्यांबद्दल सांगत होते. तेवढ्यात गाडी डावीकडे लंगडायला लागली.

‘‘पंक्चर,’’ मेहुणा म्हणाला.

‘‘मागचं डावं,’’ मामा म्हणाले. हे त्यांनी खाली न उतरता सांगितलं आणि ते खरं निघालं. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ मी या एका अचूक निदानात पाहतो. सुरुवातीलाच माणूस बरोबर ठरला की मग त्याला आवरणं अवघड जातं.

स्टेपनी डिकीच्या तळाशी असते, ही गाडी बनवणाऱ्यांची जगभरची खोड. तिच्यावर अख्खा गणपती बसला होता. म्हणजे मूर्ती नव्हे. मूर्ती गुहागरच्या चित्रशाळेत रंगून तयार होती. पण घडीचं कागदी मखर, चौरंग, दोन समया, टाळांच्या जोड्या, मामींचं मोदकपात्र, कंदी पेढ्यांचे डबे आणि कोकणात मिळत नाही अशी मामींची खात्री असलेला वाघा घेवडा, हे सगळं एकेक करून रस्त्याच्या कडेला मांडावं लागलं. मांडणी इतकी व्यवस्थित झाली की मोटरसायकलवरून चाललेलं एक जोडपं थांबलं.

‘‘मखर केवढ्याला?’’

‘‘ते नमुन्याचं आहे,’’ मामींनी शांतपणे सांगितलं. ‘‘समई दाखवू का?’’

इकडे मेहुण्याने जॅक लावून गाडी उचलायला घेतली होती. चाक जमिनीवरून सुटलं, त्याने नटाला पाना लावला, जोर दिला आणि नट जागच्या जागी राहून अख्खी गाडी जॅकवर डुलायला लागली.

‘‘अरे, आधी नट सैल करतात, मग गाडी उचलतात,’’ मामी घेवड्याच्या पिशवीवर छत्री धरत म्हणाल्या. ‘‘आमच्याकडे कॉलनीत ड्रायव्हर लोक जेवायला असायचे. एवढं तर ऐकून ऐकून मलाही कळतं.’’

गाडी पुन्हा खाली आली. पुढच्या चाकांना दगडाच्या उटी लागल्या. आता जो काही झगडा होता तो सरळ चार नटांशी होता.

आता या नटांविषयी थोडं. आपल्याला वाटतं की चाक त्या चार स्टडवर लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबवर इतकं घट्ट दाबलं जातं की घर्षणामुळे ते जागचं सरकत नाही. छोट्या गाडीच्या नटाला यासाठी साधारण १०० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. शाळेनंतर न्यूटनशी ज्यांनी संबंध ठेवलेला नाही त्यांच्यासाठी : एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगलं की होतो तेवढा. गाडीबरोबर येणारा पाना असतो जेमतेम फूटभर, म्हणजे त्यावर तेहतीस-चौतीस किलोचा दाब द्यायचा. पोटावर हात ठेवून सांगा, हे कोणालाही जमण्यासारखं आहे.

पण आमचे नट १०० वर कुठे थांबले होते? गणपतीच्या आधी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. त्या ठिकाणी हवेची गन आहे आणि ती एका पोराच्या हातात आहे. नट घट्ट झाला हे गनला कळत नाही आणि पोराला फोन आलेला असतो. फोनवरचं बोलणं संपेपर्यंत टर्रर्र चालू. पोराचं बोलणं लांबलं की स्टड ताणत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे ताणला की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. घाटात जे काही तुटलं त्याची सुरुवात त्या फोनवर झाली होती, असं माझं ठाम मत आहे. शिवाय ही गाडी दर वर्षी गुहागरच्या खाऱ्या वाऱ्यात आठवडाभर उभी राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि नट नि स्टड यांच्यामध्ये जागा असते ती केसाएवढी. तिथे तो एकदा बसला की भाडेकरूसारखा, सहजी निघत नाही.

मेहुण्याने हाताने जोर लावून पाहिला. मग पायाने. मग तो पान्यावर उभाच राहिला. त्याचं वजन पंच्याऐंशी किलो आहे, म्हणजे हिशेबाने पीळ झाला अडीचशे न्यूटन-मीटर. नट हलला नाही, पाना सटकला. मेहुणा चिखलात, पाना गटारात. नटाच्या सहा कोपऱ्यांपैकी काही कोपरे गुळगुळीत झाले. गाडीबरोबरचा पाना हा एकूण तसाही शोभेचाच प्रकार आहे. एक-दोन वेळा वापरला की त्याचं तोंड फाकतं आणि मग तो नट धरण्याऐवजी सोलायला लागतो.

इथे मामा खाली उतरले.

‘‘कोणतं चाक आहे?’’

‘‘मामा, तुम्हीच सांगितलंत की. डावं.’’

‘‘मग असा का फिरवतोयस? डाव्या चाकाला उलटे आटे असतात. उजवीकडे फिरवून सोडायचा.’’

इथे मामांची बाजू मांडायला हवी, कारण हे त्यांनी मनाने रचलेलं नव्हतं. विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना खरोखरच उलटे आटे असायचे. चाक पुढे फिरताना नटावर जो बारीक बारीक रेटा येत राहतो, तो डाव्या बाजूला सरळ आट्यांचा नट सैल करण्याच्या दिशेने असतो, म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी तिकडचे आटे उलटे कापले. अमेरिकेतल्या क्रायस्लरच्या मोटारींनाही १९७० च्या आसपासपर्यंत ही पद्धत होती. पुढे नटाची बैठक शंकूच्या आकाराची झाली, नट चाकाच्या भोकात नेमका बसून राहायला लागला आणि उलट्या आट्यांची गरज संपली. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, तेव्हा जीपबरोबर हे ज्ञानही आपल्याकडे आलं आणि सरकारी खात्यांतून गावोगाव पोचलं. जीप गेल्या. ज्ञान राहिलं.

‘‘मामा, ही जीप नाहीये,’’ मेहुणा म्हणाला.

‘‘चाक चाकच असतं. तुझ्या पद्धतीने निघाला का?’’

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी धुक्याकडे पाहिलं. मामेसासऱ्यांच्या आणि मेहुण्याच्या मध्ये पडणारा दाजी अजून महाराष्ट्रात जन्मायचा आहे.

मेहुण्याने शेजारच्या नटाला पाना उलटा लावला आणि पुन्हा वर चढला. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःचंही वजन दिलं. क्षणभर काही झालं नाही. मग ‘कट्’ असा स्वच्छ आवाज आला.

‘‘सुटला!’’ मामा म्हणाले. त्यांनी वाकून दोन बोटांनी नट सहज उचलला आणि सगळ्यांना दाखवला. नटाच्या पोटात स्टडचा अर्धा तुकडा होता.

‘‘निघाला की नाही?’’

‘‘निघाला, मामा,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘पण आता परत बसवायचा कशावर?’’

चिपळूणहून कराडला निघालेली एसटी याच वेळी वर आली आणि थांबली. ड्रायव्हर मदतीसाठी उतरला, कंडक्टर ड्रायव्हर उतरला म्हणून उतरला आणि प्रवासी कंडक्टर उतरला म्हणून उतरले. पाच मिनिटांत चाकाभोवती ग्रामसभा भरली. एकाने डिझेल ओतायला सांगितलं. दुसरा म्हणाला, डिझेल नव्हे रॉकेल, ते आट्यांत झिरपतं. यावर तिसऱ्याने रॉकेल आता रेशनवर मिळतं का, हा प्रश्न काढून सभा बराच वेळ दुसरीकडे नेली. एका तरुणाने कोल्ड्रिंकची अर्धी बाटली पुढे केली. पितळेच्या भांड्यांचा व्यवहार असलेल्या एका आजींनी चिंच सुचवली. कोणीतरी नट तापवा म्हणालं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण तापला की नट फुगतो आणि सैल पडतो, पण रबरी टायर आणि ग्रीस भरलेलं बेअरिंग वीतभर अंतरावर असताना ज्वाळा लावायची म्हणजे पुढची वाट अग्निशमन दलाची. मेहुणा मामींच्या मोदकपात्राच्या पिशवीतल्या छोट्या शेगडीकडे बघायला लागला होता. बायकोने ती उचलून मांडीवर घेतली.

एसटीचा ड्रायव्हर मात्र काही न बोलता उकिडवा बसला, त्याने उरलेले तीन नट बोटांनी चाचपले आणि विचारलं, ‘‘पहिला कुनी तोडला?’’

सगळ्यांनी मखराकडे पाहिलं.

‘‘गंजलेला नट आधी किंचित आवळायचा असतोय. गंज फुटला की कट् वाजतंय. मग सोडायचा.’’

‘‘तेच मी केलं!’’ मामा म्हणाले.

‘‘किंचित, आजोबा,’’ ड्रायव्हर म्हणाला. ‘‘किंचित.’’

एसटीच्या नटाचा पाना आमच्या नटाला ढगळ होत होता. पण मागे येऊन अडकलेल्या दुधाच्या टेम्पोत एक लांब लोखंडी पाइप होता. तो कशासाठी ठेवला होता हे विचारायची वेळ नव्हती. पाइप आमच्या पान्याच्या दांड्यावर चढवला, पाना चौपट लांब झाला, आणि ज्या चाकाने पंच्याऐंशी किलोच्या उड्यांना दाद दिली नव्हती त्याचा एक नट टेम्पोवाल्याने एका हाताने, दुसऱ्या हातातली विडी न विझवता फिरवला. ताकद तेवढीच, दांडा लांब झाला की पीळ वाढतो. हे आर्किमिडीजला माहीत होतं आणि पाटण तालुक्यातल्या दूधवाल्यालाही माहीत आहे, मधल्या कोणाला माहीत नसतं. दुसराही निघाला. सभेने टाळ्या वाजवल्या. एकाने उत्साहात आमचे टाळच उचलून वाजवले.

राहिला तो सोललेला नट. त्यावर पाना नुसता गोल फिरत होता. एसटीला वेळ झाला होता. कंडक्टरने दोरी ओढली, माणसं चढली, खिडकीतून शेवटची सूचना चिंचेचीच आली.

घाटातल्या दगडांवर ‘पंक्चर २४ तास’ आणि खाली फोन नंबर असं पांढऱ्या रंगाने लिहिलेलं असतं. आमच्या स्मार्टफोनांना रेंज नव्हती. मामींच्या बटणांच्या फोनला होती. थोड्या वेळाने घाटाखालून एक गृहस्थ मोटरसायकलवर, मागे गोणपाटाची पिशवी बांधून आले. माणूस केरळचा. टायरच्या धंद्यात केरळी माणूस महाराष्ट्रभर भेटतो, आणि हा तर अस्सल चिपळुणी बोलत होता.

‘‘नट कोणी खाल्ला हा?’’

मामा आता गाडीत जाऊन बसले होते आणि पेढ्याच्या डब्यावरचा पत्ता वाचत होते.

त्याने पिशवीतून गोट्या काढल्या, म्हणजे ज्यांना दुकानात सॉकेट म्हणतात त्या. नट १९ चा. कोपरे गेलेल्या नटावर १९ ची गोटी फिरणारच. त्याने १८ ची घेतली. ती बसत नाही हे उघड दिसत होतं, आणि ती बसत नाही म्हणूनच त्याने ती घेतली होती. गोटी नटावर टेकवली आणि हातोडीने अशी ठोकली की नटालाच नवे कोपरे पडले. मग दांडा, दांड्यावर पाइप, एक दमदार हिसका, आणि किरर्र करत नट हलला. नटावर गोटी इतकी घट्ट बसली होती की बाहेर आल्यावर दोघांना वेगळं करायला पुन्हा हातोडी लागली.

‘‘हे नाही जमलं असतं तर?’’ मी विचारलं. एवढ्या वेळात माझं हे पहिलं वाक्य होतं.

‘‘तर छिन्नीने फोडायचा. नाहीतर वर दुसरा नट वेल्डिंग करून दोघांना बरोबर फिरवायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. नाहीतर ड्रिल. ड्रिलपर्यंत गेलं की गणपतीला उशीर.’’

स्टेपनी बसली, तीन नटांवर. सोललेला नट फेकून त्याने पिशवीतला एक जुना दिला. ‘‘तिनावर गाडी चालते, पण चालवायची नाही. खेर्डीपर्यंत हळू जा, तिथे स्टड घाला,’’ असं बजावून तो आमच्या पुढे पुढे उतरायला लागला. धबधबे, धुकं, वळणं आणि खाली हिरवंगार कोकण असा तो सगळा प्रसिद्ध देखावा आम्ही बैलगाडीच्या वेगाने पाहिला. तुटलेला नट मामींनी सुपाऱ्यांच्या डबीत ठेवला. का, ते विचारलं तेव्हा ‘‘असू दे’’ एवढंच म्हणाल्या.

खेर्डीच्या वर्कशॉपमध्ये उद्याच्या गणपतीसाठी झाडलोट चालू होती. म्हातारे मिस्त्री पायजमा झटकत आले, त्यांनी मागचा ड्रम काढला, तुटक्या स्टडच्या टोकावर हातोडीचे दोन घाव घातले आणि तो आतल्या बाजूने गळून पडला. नवा स्टड आतून घालून बाहेर त्यावर वायसरांची चळत चढवली, वर नट लावून आवळत गेले. स्टड आपणहून खेचला जाऊन दात्यांसकट जागेवर बसला. इतका वेळ घाटात जे महाभारत झालं त्याचं उत्तर हे एवढंच होतं. अर्धा कप चहा पिऊन होईपर्यंत आटोपलं.

मेहुणा आट्यांना तेल लावायला निघाला, तर त्यांनी हात धरला. तेलकट आट्यांवर नट सहज फिरतो, पाना तेवढाच जोर दाखवतो आणि आत स्टड भलताच ताणला जातो. मग समोरासमोरचे नट, एक हा, एक पलीकडचा, असे फुलीत आवळले आणि शेवटी भिंतीवरचा टॉर्क पाना आणला. ठरलेला पीळ झाला की तो ‘टिक्’ वाजतो. गनच्या आवाजापेक्षा मला तो आवाज फार सुसंस्कृत वाटला. ‘‘शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा बघा,’’ मिस्त्री म्हणाले.

एवढा वेळ गप्प बसलेले मामा पुढे झाले. ‘‘काय हो, डाव्या चाकाला उलटे आटे असतात की नाही?’’

मेहुण्याने कपाळावर हात मारला. मिस्त्रींनी चष्मा वर केला. ‘‘जीप होती का तुमच्याकडे?’’

‘‘विलीज. खात्याची.’’

‘‘मग उलटेच! स्टडवर इंग्रजी एल कोरलेला असायचा डावीकडे. आमच्या बापाने त्यावर पोरांची परीक्षा घेतली. आताच्या लोकांना कुठे माहीत असायला?’’

पुढचा तासभर जीपचा होता. दोघे कोपऱ्यातल्या बाकावर बसले, दुसरा चहा आला, आणि मामा आमच्याकडे असे बघत होते, की जणू घाटातला स्टड आम्ही तिघांनी मिळून, त्यांनी समजावूनही, हट्टाने तोडला होता. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, फक्त स्टड-नटाचे पैसे घेतले. म्हणजे मामांच्या हिशेबाने उलट्या आट्यांमुळे आमचा फायदाच झाला.

गुहागरला वेळेत पोचलो. पूजेत गुरुजींनी डबीतून सुपारी म्हणून चिमटीत उचललं ते जड लागलं, त्यांनी ते निरखून पाहिलं आणि कोणाकडेही न बघता बाजूला ठेवलं. मामींनी डोळे मिटून हात जोडले होते.

त्या शंभर किलोमीटरची सूचना मामांनी मनावर घेतली आहे. मेहुणा गाडी घेऊन परतला, पण शेजाऱ्यांच्या, पाहुण्यांच्या, पर्यटकांच्या गाड्या आहेत. तेव्हा पुढच्या वेळी गुहागरला गेलात आणि व्याडेश्वराच्या देवळाबाहेर पांढऱ्या सदऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ तुमच्या गाडीच्या डाव्या चाकाशी वाकून बसलेले दिसले, तर नमस्कार करा, चहा पाजा, कोयनेच्या भूकंपाबद्दल विचारा. पाना मात्र त्यांच्या हाती देऊ नका.